बांधाखालची केबल

नांदवडी गावात सयाजी धुमाळ संतापी माणूस म्हणून ओळखला जाई. त्याच्या संतापाला एक शिस्त होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली होती. कुणाच्या हातून चूक झाली म्हणून सयाजी रागावत नसे. चूक डोळ्यांना दिसत असताना ‘चालतंय की’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणारा भेटला, की त्याच्या कानशिलावरची शीर तट्ट फुगे. गिरणीचा पट्टा उघडा फिरतो म्हणून त्याने गिरणीवाल्याशी असे भांडण काढले, की दळणाला आलेल्या बायका पीठ गळत असतानाही तिकडेच पाहत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी तोच सयाजी लोखंडी जाळी आणि हातोडा घेऊन गिरणीत हजर झाला. जाळी ठोकून होईपर्यंत त्याने गिरणीवाल्याला शिव्या घातल्या आणि जाताना त्याचाच चहा पिऊन गेला.

साताऱ्याला राहून तो मॅट्रिक झाला होता. पुढे लष्करात सिग्नल्समध्ये भरती झाला आणि पासष्टची आणि एकाहत्तरची अशा दोन्ही लढाया त्याने तारा ओढण्यात काढल्या. ‘गोळी कुणी झाडली ते सगळे सांगतात, झाडा म्हणून हुकूम कोणत्या तारेवरून गेला, हे कुणी विचारीत नाही,’ असे तो म्हणे. एकाहत्तरच्या लढाईनंतर हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो गावी आला. वडिलार्जित रान थोरला भाऊ नाथाजी पाहत होता. सयाजीने त्यात कधी लक्ष घातले नाही. आपला भाऊ शेती करतो म्हणजे नेकीनेच करीत असणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गावाने कृष्णेचे पाणी उचलून रानात आणण्यासाठी पाणी संस्था काढली, तेव्हा विजेच्या कामाची देखरेख साहजिकच सयाजीकडे आली. नदीकाठी पंपघर उभे राहिले. गावापासून ते चांगलेच लांब, मध्ये सगळा ऊस. ऊस माथ्यावर आला म्हणजे पंपघराचे छप्परसुद्धा दिसत नसे. तिथे राखणीला हरिबा होता. हरिबा सयाजीच्या धाकट्या बहिणीचा, रंगूबाईचा नवरा. स्वभावाने मवाळ, बोलण्यात मिस्कील, आणि हातात काठी असली तरी ती बहुधा साप हाकलण्यापुरतीच.

सत्त्याहत्तर साल असावे. नदीकाठच्या पंपघरांवर चोरांची धाड पडू लागली. मोटार उचलून नेणे अवघड, म्हणून ते ती जागच्या जागी फोडत आणि आतली तांब्याची तार काढून नेत. वरच्या अंगाच्या एका गावात त्यांनी राखणदाराला त्याच्याच धोतराने खांबाला बांधले आणि मारले. दूधवाले नदी ओलांडून आले तेव्हा तो सापडला. त्याचा एक डोळा गेला.

ही बातमी गावात आली त्याच दिवशी रंगूबाई माहेरच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“दादा, ह्यास्नी मी आता नदीवर धाडायची न्हाई.”

“का?”

“का म्हंजे? तिथनं वरडलं तर हितं कुनाला ऐकू येतंय? कावळ्याला?”

बहिणीचे बोलणे सयाजीला लागले, कारण ते खरे होते. लष्करात एवढ्याशा चौकीलाही मागे बोलायला तार असते. आणि इथे स्वतःच्या मेहुण्याला आपण उसाच्या पलीकडे बिनतारेचे बसवून ठेवले आहे, हे त्याला आजवर सुचले नव्हते. तो म्हणाला, “दाजींनी तिथनं हाक मारली की हितं चावडीत घंटा वाजंल. मी वाजवून दावतो. तवर सांजचा मीबी त्यांच्यासंगं बसतो.”

“बग हं. तुज्या शब्दावर धाडती.”

शब्द दिला आणि सयाजी कामाला लागला. मोडीत निघालेले लष्करी टेलिफोन सांगलीच्या जुन्या बाजारात मिळत. हँडल फिरवले की पलीकडे घंटा वाजते असे दोन त्याने निवडून आणले. प्रश्न मधल्या तारेचा होता. खांबांवरून तार नेली तर चोर आधी तीच तोडणार, आणि वळवाच्या वाऱ्याने ती वर्षातून दोनदा लोंबणार. तेव्हा ती जमिनीखालूनच गेली पाहिजे, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. कोणती तार, यावर मात्र संस्थेच्या सभेत जुंपली.

संस्थेचे चेअरमन लालासाहेब हे मोठे बागायतदार. ट्रॅक्टर गावात प्रथम त्यांनी आणला. माणूस दिलदार, पण प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेण्याची खोड होती. ते म्हणाले, “तारंचा कसला घोर करताय हवालदार? आपल्या फौजेतली काळी तार हाय की. मोडीत लय स्वस्त मिळती.”

सभेत माना डोलल्या. त्यात नवल नव्हते. गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी फौजेत होते, आणि सुटीवर येताना आणलेली ती पिळाची काळी तार दारोदार धुणे वाळत घालायला बांधलेली होती. ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकलेली तार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती.

“ती तार जमिनीत चालनार न्हाई,” सयाजी म्हणाला.

“आता गं बया! ज्या तारंवर तुमी लढाई मारली, ती नदीपतोर जायला लाजती व्हय?”

“चेअरमन, ती तार टाकायची, बोलायचं, गुंडाळायची आनि म्होरं जायचं. तिनं जमिनीत मुक्काम करावा अशी सरकारचीबी अपेक्षा न्हाई. आपली काळी रानं. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडती, पावसात तीच माती फुगती. ती तारंला दोन्ही अंगांनी वडनार. वरनं पाटाची ओल बारमाही. आनि घुशी? घुशीला संस्थेचा ठराव कळत न्हाई. तिला रबर दिसलं की ती चावनार.”

“मग काय सोन्याची आनायची?”

“पोलादाची. आत तांबं, त्यावर प्लास्टिक, त्यावर पोलादी तारांचं वेष्टान, त्यावर पुन्ना प्लास्टिक. आर्मर्ड केबल म्हनत्यात.”

“आर्मर म्हंजे चिलखत की रं!” लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “बरं हाय! केबलला चिलखत आनि आमच्या हरिबाला नुसती बंडी!”

सभा खो खो हसली. कोपऱ्यात बसलेला हरिबाही हसला. सयाजी उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कानशिलावरची शीर सगळ्यांना दिसली.

“हसा. वरच्या गावचा डोळा गेला तवा तितलीबी सभा अशीच हसत बसली असंल. स्वस्त तार मला ठावं न्हाई व्हय? ती किती दिस चालंल त्येबी ठावं हाय. ज्या दिशी दाजी हँडल फिरवतील नेमकी त्याच दिशी ती तुटल्याली असंल, आनि तुमी हितं चावडीत घंटंखाली पान खात बसाल. तवा मला हाक मारू नगा.”

एवढ्यात दाराबाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. नवऱ्याला जेवायला बोलवायला आलेली रंगूबाई उंबऱ्याशी थांबून सगळे ऐकत होती.

“चेअरमनसायेब, सस्तातली तार तुमी घ्याच. पर मग नदीवर पाळीपाळीनं तुमीच बसा. माज्या मालकाला मी घरी नेती.”

लालासाहेबांनी फेटा सारखा केला आणि मुकाट्याने ठराव लिहून घ्यायला सांगितले.

केबल सांगलीहून आणायची ठरली. तिथेही सयाजीचा संताप चुकला नाही. दुकानदाराने जाड काळ्या आवरणाची, वजनदार दिसणारी केबल पुढे केली आणि ‘हीच ती’ म्हणून सांगितले. सयाजीने खिशातला चाकू काढून टोक सोलले. आत पोलादाचा मागमूस नव्हता. ‘आवरण जाड आहे, जमिनीत चालतंय की’ असे दुकानदार म्हणाला मात्र. त्यानंतर त्याला जे ऐकावे लागले, त्याने शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइके बाहेर आली. खरी आर्मर्ड केबल गोदामातून निघाली. एका रिळात सबंध अंतर भागत नव्हते. मध्ये सांधे देणे भाग होते. त्यासाठी सयाजीने बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पेट्या घेतल्या. सांधा पेटीत ठेवून वर कढत डांबरी रस ओतला म्हणजे पाणी शिरत नाही.

एवढी सारी कडक तपासणी करणाऱ्या या माणसाने नंतर एका साध्या प्रश्नावर मान डोलावली.

केबल न्यायची कोणत्या मार्गाने? गाडीवाट वळसा घेऊन जात होती. तिच्या कडेने नेली तर केबल अपुरी पडली असती. सभेत लालासाहेब म्हणाले, “माज्या आनि धुमाळांच्या रानाच्या मधला बांध सरळ नदीला जातोय. बांधाखालनं न्या. रानात नांगर चालतोय, वाटंवर गाड्या चालत्यात. बांधाला कोन हात लावतंय?”

“बांध वाडवडलांपासनं हाय तिथं हाय,” नाथाजीने दुजोरा दिला. बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने गंभीरपणे मान हलवली. सयाजीलाही ते पटले. लहानपणी त्या बांधावरून तो आणि नाथाजी वैरणीचे भारे घेऊन शेजारी शेजारी चालत गेले होते. बांध म्हणजे हद्द, आणि हद्द म्हणजे हलत नाही ती, असा सरहद्दीवरून आलेल्या माणसाचा समज.

चर खणला. पुरुषाच्या कमरेइतका खोल असावा हा सयाजीचा दंडक. बांधाच्या माथ्यावर काठी आडवी ठेवून तो स्वतः माप घेई. तळाशी वाळू, वाळूवर केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटांची ओळ आणि मग माती. शेवटी चावडीत घंटा खणखणली. सयाजीने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून हरिबा म्हणाला, “पाव्हणं, नदी हाय तितंच हाय. च्या धाडा.” चावडीत टाळ्या वाजल्या. त्या दिवसापासून रंगूबाई नवऱ्याची भाकरी निश्चिंतपणे बांधून देऊ लागली.

सयाजीने नियम घालून दिला: सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा हरिबाने घंटा द्यायची. वर्षभर तो नेमाने पाळला गेला. एकदा अनोळखी माणसे पंपघराभोवती घुटमळताना दिसली. हरिबाने हँडल फिरवले आणि निम्मे गाव काठ्या घेऊन नदीवर धावले. माणसे पळाली. गावाला त्या केबलचा अभिमान वाटू लागला. ‘आमच्या केबलला चिलखत हाय’ असे लालासाहेबच आता पाहुण्यांना सांगत.

पुढच्या उन्हाळ्यात, चैत्रात, एके दिवशी सकाळची घंटा नेहमीप्रमाणे वाजली. दिवस मावळला, पण दिवे लागायला अजून अवकाश होता. तेवढ्यात पंपघरावर चोर आले. हरिबाने त्यांना पाहिले, दार लोटले आणि हँडल फिरवले. एकदा फिरवले, पुन्हा फिरवले. पलीकडून कुणी उचलेना. बिचारा ‘आलं, आलं, गाव आलं’ असे मोठ्याने ओरडत राहिला. गाव कुठून येणार? चावडीत घंटा वाजलीच नव्हती. चोरांनी दार फोडले. मोटारीच्या आड उभ्या राहिलेल्या हरिबाच्या उजव्या हातावर पहार बसली आणि कोपराखालचे हाड मोडले. जेवण घेऊन निघालेली रंगूबाई उसातून बाहेर पडली तेव्हा एक मोटार फुटलेली होती आणि नवरा पायरीवर हात मांडीवर घेऊन बसला होता.

इस्लामपूरच्या दवाखान्यात हाताला प्लास्टर घातल्यावर ती सयाजीकडे वळली. रडली नाही.

“दादा, तुजी घंटा वाजली न्हाई,” एवढेच म्हणाली.

सयाजी तिथून जो निघाला, तो थेट लालासाहेबांच्या ओसरीवर. चिलखतातली केबल आपोआप तुटत नाही, बांधात कुणीतरी हात घातला असणार, आणि एका बाजूला आपला भाऊ म्हणजे तो दुसऱ्या बाजूचाच, असा त्याचा हिशेब. मागोमाग गाव गोळा झाले.

“चेअरमन! तुमच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला! माज्या दाजींचा हात तुमी मोडला!”

लालासाहेब या वेळी हसले नाहीत. “माजा ट्रॅक्टर म्हैना झाला दुरुस्तीला पडलाय, हवालदार.”

“मग बैलं धाडली असतील! तुमच्यासारख्या पोटभर रान असल्याल्या मानसाला बांधाची वीतभर माती लागती? थू!”

“आधी जाऊन बग गड्या. मग काय थुकायचं ते थुक.”

सयाजी गेला. बॅटरी आणि छोटी घंटा बरोबर घेऊन त्याने पंपघराकडून केबल तपासायला सुरुवात केली. पहिल्या सांध्यापर्यंत घंटा वाजली. दुसऱ्या सांध्यापलीकडे ती मुकी झाली. तो सांधा बांधाच्या मध्यावर होता. त्याने कुदळ उचलली आणि दुसऱ्याच घावाला वीट लागली. कमरेइतक्या खोल ठेवलेली वीट आता गुडघाभरही खोल उरली नव्हती! सयाजीने मान वर करून प्रथमच त्या बांधाकडे नीट पाहिले. दोन माणसे भारे घेऊन शेजारी चालत असा तो बांध. आता त्यावर एका माणसाने तोल सावरत चालावे. दोन्ही अंगांनी तो खरवडलेला होता, आणि माथाही ढासळून खाली बसला होता. हद्दीचे दगड शोधून त्याने दोरी ताणली. लालासाहेबांच्या बाजूने बांध जितका आत गेला होता, तितकाच धुमाळांच्या बाजूने. आणि नांगराचा ताजा, ओल्या मातीचा तास धुमाळांच्या रानातून आला होता.

त्याने हातांनी माती उपसली. केबल अखंड होती. तिच्या वरच्या आवरणाला चीर पडून पोलाद चकाकत होते. नांगराचा फाळ तिथे अडकला होता. पोलाद तुटले नव्हते. त्याने सगळा ताण सांध्यापर्यंत पोहोचवला होता, आणि पेटीच्या तोंडाशी आतली तांब्याची तार सांध्यातून उपटून आली होती. साधी तार असती तर फाळाखाली तुटून वर आली असती आणि कुणालाही दिसली असती. ही मजबूत केबल धडधाकट दिसत निकामी झाली होती.

तो कुदळ तशीच खांद्यावर टाकून गोठ्यात आला. नाथाजी बैलांना वैरण टाकीत होता.

“आबा, काल दुपारी नांगर कुटं घातला हुतास?”

नाथाजी वैरण टाकीत राहिला.

“इचारतोय मी!”

“अडकला फाळ. बैलं जरा जोरानं वडली. उकरून बगितलं तर तुजी तार धड हुती. विटा लावल्या, माती लोटली. तुटली आसती तर सांगितलं आसतं.”

“तुटली का न्हाई ते तू ठरवनार? मला का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं आसतं तर म्हनला आसतास, नांगर बांधात गेला कसा.”

“व्हय! म्हनलो आसतो!”

“मग?” नाथाजीही आता उसळला. “त्यो लाल्या वर्सानुवर्सं बांध खातोय. तू फौजेत हुतास, तुला काय ठावं? त्यानं हिकडनं वीत घेतली, मी तिकडनं वीत घेतली. आख्खा गाव घेतोय! बांध न कोरनारा एक मानूस दाव मला नांदवडीत!”

“आनि सभेत मान हलवलीस ती? बांधाला कोन हात लावतंय म्हनून?”

“सगळ्यांनी हलवली.”

“दाजींचा हात मोडलाय आबा! त्यो कुनाच्या हिश्श्यात धरायचा? तुज्या का लाल्याच्या?”

नाथाजीच्या हातातली वैरण खाली पडली. बहिणीचे नाव सयाजीने घेतले नाही. घ्यावे लागले नाही.

परंतु सयाजीचा राग भावावर येऊन थांबला नाही. तो स्वतःच्या डोक्यावर येऊन बसला. माप आपण बांधाच्या माथ्यावरून घेतले. बांध गेला, माप गेले. रानाच्या पातळीपासून कमरेइतके खणले असते, तर नाथाजीचा नांगर आणि लालासाहेबांचा ट्रॅक्टर मिळून वरून गेले असते तरी केबल हलली नसती. केबल निवडताना घुशीवर संशय घेतला, भेगांवर घेतला, सांगलीच्या दुकानदारावर घेतला. गावाच्या मान हलवण्यावर मात्र घेतला नाही. ओसरीवर सर्वांसमक्ष लालासाहेबांना बोललेले शब्द त्याला आठवले, आणि तो त्याच पावली सभा बोलवायला चावडीकडे वळला.

सभा भरली. सयाजी उभा राहिला.

“लालासाहेब, ओसरीवर मी तुमाला चार मानसांत बोललो. नांगर आमच्या घरचा हुता. माप माजं चुकलं हुतं. त्या शब्दांची मी माफी मागतो.”

लालासाहेबांनी हात वर केला, “जाऊ द्या हो हवालदार...”

“जाऊ द्यायचं न्हाई! माजं झालं, आता तुमचं. मी दोरी लावलीया. तुमच्या अंगानंबी बांध तेवढाच गेलाय. आनि हितं बसल्याल्या कुनाच्या बांधाला दोरी लावू? हात वर करा!”

एकही हात वर झाला नाही.

“ठावं हुतं तुमाला समद्यांना. बांध जाग्यावर राहत न्हाई हे ठावं असून त्याच्याखाली एका मानसाचा जीव पुरलात आनि माना हलवल्यात. ही केबल मी उकरून काढनार. गाडीवाटंच्या कडंनं न्हेनार, माप रानाच्या पातळीपासनं. कमी पडंल त्या तुकड्याचं पैसं धुमाळांच्या घरातनं येतील. तवर पंपघरावर मी बसतो.”

दारातून रंगूबाई म्हणाली, “तू बस दादा. पर घंटा वाजल्याबिगर ह्यास्नी मी पाठवनार न्हाई. आनि ह्या खेपंला चर मी बगनार.”

चर सुरू झाला. गाडीवाटेची माती मुरमाड. कुदळ उसळून परत येई. लालासाहेबांनी दोन गडी पाठवले, आणि एक दिवस ते स्वतःही पाटी उचलून गेले. नाथाजी सयाजीशी बोलणे टाकून होता. तिसऱ्या दिवशी मात्र कुणी न बोलावता तो फावडे घेऊन आला, कुणाकडे न पाहता चरात उतरला आणि खणू लागला. प्लास्टर गळ्यात बांधलेला हरिबा वाटेच्या कडेला बसून होता. “आबा, दमानं,” तो म्हणाला. “एकच हात मोडल्याला बरा दिसतोय घरात.” नाथाजीने फावडे आणखी खोल घातले.

दुपारी सयाजी काठी घेऊन माप घ्यायला आला. “अजून वीतभर.”

“दगड लागलाय,” नाथाजी चरातूनच गुरगुरला. भावाशी बोललेले ते पहिले शब्द. “आनि हितं कोन नांगर घालनार हाय? एवढं चालतं—”

वाक्य त्याने अर्धवटच सोडले. रंगूबाईने सयाजीच्या हातातली काठी घेतली, चराच्या काठावर बसून ती तळापर्यंत टेकवली, आणि काठीवर जिथे जमीन लागली तिथे अंगठा धरून वर काढली. मग ती थोरल्या भावाच्या तोंडासमोर धरली.

“बग की आबा. वीतभर कमी हाय.”

नाथाजीने काठीकडे पाहिले, तिच्या नवऱ्याच्या प्लास्टरकडे पाहिले, फावडे वर फेकले आणि पहारीसाठी हात पुढे केला.